पाऊण लिटर पाणी आणि बाप्तिस्म्याची टाकी

मापात माझी चूक होत नाही. छावणीत पंचवीस-तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की माप सांगते, टेप नंतर. म्हणून मीच शिवलेला ब्लाउज माझ्याच दंडात अडकला तेव्हा मी कापडाला शिव्या दिल्या. आटलं मेलं, म्हटलं. दुसरा काढला, तोही अडकला. मग चप्पल होईना. मग एका सकाळी आरशात बघितलं तर डोळ्यांच्या जागी दोन फटी. तरी मी शहाणी काय म्हणाले? "झोप झाली नसंल."

बायांनो, असं करू नका. हे सगळं लिहितेय ते त्याचसाठी. मला प्रेशर होतं, गोळ्या दिल्या होत्या, आणि डोकं दुखत नाही तर गोळी कशाला म्हणून मी त्या मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीशेजारी ठेवून दिल्या होत्या. दोन वर्षं तिथंच होत्या.

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची. रिपोर्ट बघून म्हणाली, "मावशी, दोन्ही किडन्या जवळपास थांबल्यात."

आमचे हे वाळूजला कंपनीत फिटर. सगळं आयुष्य बंद मशीन चालू करण्यात गेलं. त्यांनी विचारलं, "मग चालू कधी होतील?"

मला त्या तसल्या वेळीही हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं ते थांबेचना. आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर रक्त धुवायचं. किती दिवस? तर कायम, नाहीतर कुणाची किडनी मिळेपर्यंत.

बाहेर बाकड्यावर माय बसली होती. माझी आई. वय ऐंशी, वडील गेल्यापासून आमच्याकडंच असते. मांडीवर डबा, डब्यावर हात. ह्यांनी तिला कसंबसं सांगितलं. तिनं ऐकलं, माझं सुजलेलं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "मारथे, आतातरी घे गं."

जेवण नव्हे. बाप्तिस्मा.

शमू

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, बुडवून बाप्तिस्मा देणारी. तान्ह्या लेकराला देत नाहीत. मोठं व्हायचं, समजून-उमजून मागायचा, मग पांढरा झगा घालून पाण्यात उतरायचं आणि पाळकानं तुम्हाला सबंध बुडवून वर काढायचं. ज्याचा झाला त्यालाच प्रभुभोजन, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. ज्याचा नाही त्यानं ताट शेजारच्याकडं सरकवायचं. मी पस्तीस वर्षं ताट सरकवतेय. शेजारी आमचे हे. ते घेतात, मी सरकवते.

आणि गंमत अशी, की चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, त्या देवळातले पांढरे झगे शिवते कोण? मीच. पाण्यात उतरल्यावर झगा छत्रीसारखा वर फुगतो, बाईमाणसाची पंचाईत होते. म्हणून मी खालच्या दुमडीत लोखंडी वॉशर शिवते, ह्यांनी कंपनीतून भंगारातले आणलेले. एका झग्याला चौदा. आख्ख्या मंडळीला मी नीट बुडवलं, आपण मात्र कोरडीच.

त्याला कारण शमू. शमुवेल, माझा भाऊ, माझ्याहून वर्षानं मोठा. गंगापूर तालुक्यात आमचं गाव. तिथं बाप्तिस्मा शेतातल्या हौदात व्हायचा. शमूचं नाव दिलं होतं, झगा तयार होता, पण त्या वर्षी विहीर आटली. हौदात पाणी नाही, माणसाला प्यायला टँकर. पाळकसाहेब म्हणाले, पाऊस झाल्यावर बघू. पाऊस झाला, पण त्याआधी शमूला ताप चढला तो उतरलाच नाही. अठरा वर्षांचा होता.

मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी पुस्तकातून वाचलं. त्यात एक वाक्य असतं, हा मनुष्य पुन्हा उठेल अशा खात्रीच्या आशेनं आम्ही त्याला मातीत ठेवतो, अशा अर्थाचं. गावात इतक्या माती झालेल्या, मला ते पाठ होतं. पाळकसाहेब त्या वाक्यापाशी आले, थांबले, आणि पुढचं वाचायला लागले. गाळलं. वाईट माणूस नव्हता तो. बिनबाप्तिस्म्याच्या पोरासाठी ते वाचायला घाबरला असेल, त्याच्या शास्त्राला धरून राहिला असेल. पण सगळ्यांनी ऐकलं, आणि मायनं मान खाली घातली ती मी बघितली.

मी घरी येऊन सांगितलं, मला नाही घ्यायचा. जिथं शमू, तिथं मी. तुमच्या देवाला एका हौदाच्या पाण्यापायी माझा भाऊ चालत नसेल तर मी पण चालू नये. लग्नाच्या वेळी त्यावरून कुरकुर झाली, सासऱ्यांनी समजूत घातली, नवे पाळक आले-गेले. मी हट्टी. माय दर नाताळाला विचारायची, मी दर नाताळाला नाही म्हणायचे. मला वाटायचं, हिनं शमूला सोडून दिलं आणि आता मलाही त्याच्यापासून तोडायला बघते. माय म्हणजे दगड, असं मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेन.

नळी

मशीनवर घ्यायचं तर आधी छातीत, गळ्याच्या खाली, एक नळी बसवतात. तिची दोन तोंडं बाहेर लोंबतात. मनगटातली शीर मोठी करून घ्यायचं एक छोटं ऑपरेशनही असतं, पण ती शीर तयार व्हायला वेळ लागतो. तोवर नळी.

सिस्टर ड्रेसिंग करताना बजावून म्हणाली, "इथं पाण्याचा थेंब लागता कामा नये. डोक्यावरून आंघोळ बंद. अंग ओल्या फडक्यानं पुसायचं."

माय पलीकडं उभी. तिनं विचारलं, "अन् एक बुडी मारली तर? एकच?"

"आजी, नदीला-बिदीला न्यायचंय का हिला? बुडी मारली तर जंतू सरळ रक्तात. जीव जाईल."

मायनं खाटेची दांडी धरली. पस्तीस वर्षं मी नाही म्हणत होते, तिला वाटत होतं आज ना उद्या हो म्हणेल. आता मी हो म्हटलं तरी दार बंद. मला मात्र, खरं सांगते, मनातून जरा जिंकल्यासारखं वाटलं. काय माणूस असतं बघा. निम्मं मेलेलं, तरी भांडणात वरचढ.

तहान

ज्यांना हे नवीन आहे त्यांना मशीनची भीती वाटते. मशीनचं काही नाही हो. चार तास पडून राहायचं, उठल्यावर अंगात त्राण नसतं, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. खरी परीक्षा तहानेची. मला दिवसाला पाऊण लिटर पाणी ठरवून दिलं होतं. त्यात चहा आला, वरण आलं, गोळ्या गिळायचा घोट आला. उन्हाळा आमच्याकडचा तुम्हाला माहीत आहे.

आमच्या शहराचं नाव बदललं, नळाची पाळी काही बदलली नाही. सात-आठ दिवसांनी पाणी येतं तेव्हा गल्लीत लगीनघाई असते. मी खुर्चीत बसून बघायचे. ड्रम भरताहेत, पोरी पाईप धरून ओरडताहेत, आणि माझ्यासाठी ते सगळं दुकानाच्या काचेमागच्या मिठाईसारखं. एकदा आमचे हे स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहून गटागटा पाणी पिताना मला सापडले. मी असा आकांत केला की शेजारीण धावत आली. "मला मारून टाका एकदाचं, लपून कशाला पिता!" बिचारे तांब्या धरून उभे. त्या दिवसापासून ते कंपनीतूनच पोटभर पाणी पिऊन यायचे आणि घरी माझ्यासमोर माझ्याइतकंच प्यायचे. मला हे त्यांनी नाही, त्यांच्या मित्रानं सांगितलं. नंतर मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले, विक्रमच म्हणायचा.

थोडं कामाचं सांगते. पाणी बाटलीत मोजून सकाळीच बाजूला काढा. त्यातल्या थोड्याचा बर्फ करा, एक खडा जिभेवर ठेवला तर पाव तास निघतो. चूळ भरा आणि थुंका. मीठ सोडा, खरंच सोडा, लोणच्याच्या बरणीला नमस्कार करून शेजारी देऊन टाका.

पास्टर

आताचे पाळक, त्यांना आम्ही पास्टर म्हणतो, तरुण आहेत, तिशीतले. घरी भेटायला आले. आमच्यात म्हणतात तसं "सलाम, मार्थाताई," म्हणून स्टुलावर बसले. मायनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही, सरळ मुद्द्यालाच हात घातला.

"पास्टर, हिला पाणी चालत नाय. हिचं तारण व्हईल का नाय?"

ते गडबडले नाहीत. म्हणाले, "माय, आत्म्याचं तारण देवाच्या कृपेनं होतं. पाण्यानं नाही. येशूनं शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला स्वर्ग दिला, त्याला कुणी कुठं पाण्यात नेलं होतं?"

"मग इतकी वर्षं टाकी कशाला भरून राह्यले तुमी? टँकर मागवता, तो येईस्तवर मंडळी उपाशी बसती."

"आज्ञा आहे म्हणून. ज्याला जमतं त्यानं पाळायची. लग्नात मंगळसूत्र घालतो, म्हणजे मंगळसूत्रच संसार करतं असं नाही. पण ज्याला संसार करायचाय तो ते टाळतही नाही." मग माझ्याकडं वळले. "ताई, तुमची इच्छा असेल तर मी चर्चच्या पंच मंडळींशी बोलतो. कपाळाला नुसतं पाणी लावू. आजारी माणसासाठी देव अडून बसत नाही."

माझं डोकंच फिरलं. नळीसकट उठून बसले. "माझ्यासाठी अडून बसत नाही? आणि शमूसाठी बसला? तापानं फणफणलेला पोरगा होता तो! त्याच्या मातीत तुमच्या माणसानं वाक्य गाळलं. आधी ते वाक्य भरून आणा, मग माझ्या कपाळाचं बघू."

पास्टरना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते तर तेव्हा जन्मलेही नसतील. त्यांनी हळूच विचारलं, "कोण शमू?" मायनं पदर तोंडाला लावला. मी भिंतीकडं तोंड केलं. ते प्रार्थना न करताच, "येतो," म्हणून गेले. मला नंतर वाईट वाटलं. पण तेव्हा नाही.

नसीमआपा

माझ्या शेजारच्या खाटेवर नसीमआपा असायच्या, खुलताबादच्या. चार वर्षं मशीनवर, तरी पान लावल्यासारख्या नीटनेटक्या. बर्फाची युक्ती त्यांचीच. मशीन चालू असताना त्या एक छोटी कापडी पिशवी काढायच्या, त्यातल्या मातीच्या सपाट ढेकळावर हात टेकवायच्या, तोंडावरून फिरवायच्या, मनगटावरून फिरवायच्या आणि पडल्या पडल्या नमाज पढायच्या.

मायला हे दर खेपेला दिसायचं. एक दिवस राहवलं नाही. "आपा, ते मातीचं काय करता?"

"वजू करती ना. हात-मुँ धोना पडता नमाज के पैले."

"मातीनं?"

"अगे माँ, पानी से नुसकान होता तो मिट्टी से करते. साफ मिट्टी पे हात मारना, मुँ पे फेरना, हाताँ पे फेरना. हो गया."

माय पुढं सरकली. "अन् चालतं ते? धरतात?"

आपा हसल्या. "कायकू नै धरते? डाक्टर क्या बोला, वो अल्ला को मालूम नै क्या?"

मी हसले. पण माय हसली नाही. ती माझ्या खाटेच्या कडेला बसली, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं चक्कर आली. सिस्टरला हाक मारणार, तेवढ्यात तिनं माझा हात दाबला.

"मारथे, म्या बी केलं व्हतं तसं."

"काय केलंस?"

"शमूचं. शेवटल्या दिवशी. तू पाळकसायबाला बोलवाया गेली व्हतीस. घरात तांब्याच्या बुडाशी पाणी उरलं व्हतं, तेवढंच. म्या त्याच्या कपाळावरची पट्टी भिजवली अन् त्याच्या डोक्यावर पिळली. तीनदा. बापाचं नाव घेतलं, पुत्राचं घेतलं, पवित्र आत्म्याचं घेतलं. त्यानं डोळं उघडलं. म्हणला, गार वाटलं, माय."

मशीन चाललं होतं, माझं रक्त नळीतून फिरत होतं, आणि मला वाटलं सगळं जागच्या जागी थांबलं.

"पस्तीस वर्षं! पस्तीस वर्षं तू मला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? बाईचा हात. ते बी बुडवलं नाय, नुसतं पिळलं. पाळकसायबानं तर वाक्यच गाळलं. म्या इचारलं असतं तर नाय म्हणले असते. इचारलं नाय, तवर ते माझं व्हतं."

"मग माझ्यामागं का लागलीस?"

"त्याचं म्या करून घेतलं व्हतं. तुझं राह्यलं व्हतं." ती अशी बोलली जणू दोन लेकरांना जेवायला वाढताना एकाच्या ताटात भाकर राहिली. "दोघं एका जागी नको का?"

जिथं शमू तिथं मी, असं मी म्हणत होते. माय इतकी वर्षं तेच म्हणत होती. मी तिला दगड म्हटलं, आणि ती बाई एवढं ओझं पोटात घेऊन माझ्या घरात भाकरी थापत होती. मी तिथंच, सगळ्या पेशंटांसमोर, तिच्या पायाला हात लावायला वाकले, तर मशीन बोंबलायला लागलं आणि सिस्टर धावत आली. "मावशी, हलू नका म्हणलं ना!"

नसीमआपांना मराठी सगळं कळतं. त्या छताकडं बघत होत्या, डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहत होतं. "रोना नै," म्हणाल्या मला, "रोया तो प्यास लगती."

टाकी

त्यानंतर दिवस बरे आले. मनगटाचं ऑपरेशन झालं. स्पंजचा चेंडू दाबून दाबून शीर फुगली. डाव्या मनगटाला कान लावला की आत घरघर ऐकू येते, अगदी माझ्या शिवणाच्या मशीनसारखी. ज्या दिवशी छातीतली नळी काढली त्या दिवशी ह्यांनी कंपनीत पेढे वाटले. जखम भरली, सूज उतरली, आणि माझे जुने ब्लाउज परत माझ्या दंडाला बसले. डॉक्टरणीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, हातावरच्या सुईच्या जागा सुकलेल्या असल्या आणि पाणी स्वच्छ असलं तर आता मनसोक्त आंघोळ करा. "बुडी?" माय म्हणाली. "बुडीसुद्धा, आजी."

मी कुणाच्या भीतीनं घेतला नाही. भीतीनंच घ्यायचा असता तर छातीत नळी होती तेव्हा कपाळ पुढं केलं असतं. मशीन सुटलं नाही, पण सावरले, मरणाची टांगती तलवार जरा दूर गेली, तेव्हा मला तो हवासा वाटला. तारणाला पाणी लागतंच का, हे मला विचाराल तर मी शमूकडं बोट दाखवीन. पण पाऊण लिटरावर जगलेल्या बाईला विचारा, पाणी मिळत असताना नको कशाला म्हणायचं?

फक्त एक गाठ राहिली होती. आमच्यात टाकीत उतरण्याआधी सगळ्यांसमोर साक्ष द्यावी लागते, का घेतेस ते सांगावं लागतं. मी मायला विचारलं, "शमूचं सांगू का? का तुझ्याजवळच राहू दे?"

तीन दिवस मी विषय काढला की ती उठून आत जायची. ते सगळ्यांपुढं आलं, आणि मंडळी नाही म्हणाली, तर तिचा आधारच जाणार होता. चौथ्या दिवशी लसूण सोलता सोलता म्हणाली, "सांग. नाय म्हणले तर लवकरच वर जायचंय, तिथंच इचारीन."

नळाच्या दिवशी देवळातली टाकी भरली. त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार. माझा झगा मीच शिवला, माझं माप मीच घेतलं, चौदा वॉशर. डावं मनगट प्लास्टिकनं बांधलं, उगीच, ह्यांच्या समाधानासाठी. साक्षीला उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तांब्याच्या बुडाचं पाणी, पट्टी, तीन नावं, मातीत गाळलेलं वाक्य. "माझ्या भावाचा बाप्तिस्मा झालेला आहे," म्हटलं, "आमच्या मायच्या हातानं. म्हणून मी आता घेतेय."

पंच मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. पहिल्या बाकड्यावर माय, पदर घट्ट ओढून, खटल्याचा निकाल ऐकायला बसल्यासारखी.

पास्टर टाकीत कमरेइतक्या पाण्यात उभे होते. ते पाण्यातून बाहेर आले, ओल्या झग्यानं पाणी निथळत वेदीपाशी गेले, विधीचं पुस्तक उचललं आणि पानं उलटायला लागले. मला वाटलं, झालं, नियम काढतात. त्यांनी मातीच्या विधीचं पान काढलं. आणि ते वाक्य वाचलं, खात्रीच्या आशेचं, सबंध, शमुवेल हे नाव घालून. पुस्तक ओलं झालं. मिटून ठेवलं आणि बाकड्याकडं बघून म्हणाले, "माय, पुढं या. या घरातलं हे काम माझ्याआधी तुम्ही केलंय. हात लावा."

पास्टर परत टाकीत उतरले, मागोमाग मी उतरले, आणि ह्यांनी मायला धरून आणलं. ती टाकीच्या कठड्याला टेकली, वाकली आणि तिनं हात माझ्या डोक्यावर ठेवला, पास्टरांच्या हाताशेजारी. नावं पास्टरांनी घेतली, पण माय बरोबरीनं पुटपुटत होती, मला ऐकू येत होतं. मग मी खाली गेले. सगळी. नाकातोंडात पाणी गेलं, एखादा घोट हिशेबाबाहेर पोटातही गेला.

वर आले तेव्हा मायचा हात कोपरापर्यंत भिजला होता, आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती, तापातल्या लेकराकडं बघावं तशी.

"गार वाटलं, माय," मी म्हटलं.

तिनं पदर सोडला आणि सगळ्या मंडळीसमोर माझं तोंड पुसायला लागली.